ना आणि का

खाऱ्या हवेनं कार्डं एकमेकांना चिकटली होती.
तेहतीस वर्षं पत्र्याच्या पेटीत, दुसरं काय होणार.
आज पडवीत पसरली, एकेकीवर एकेक शिंपला,
कारण हर्णैचा वारा दुपारनंतर कुणाचं ऐकत नाही.

चौदा भाषा. व्होल्टा नदीपलीकडचे डोंगर,
घाना संपून टोगो सुरू होतो तिथले.
एकेक भाषा चार-दोन गावांपुरती;
खाली उतरलं की बाजार दुसऱ्यांच्या भाषेत,
शाळा तिसऱ्यांच्या.
जुन्या अभ्यासकांनी सगळ्यांना मिळून नाव दिलं:
उरलेल्या भाषा.

द्रौपदी चोगले म्हावरं घेऊन आली. पाटी उतरवली.
"पापड काय गो?"
भाषा, मी म्हटलं. उरलेल्या.
"उरलेल्या? कोनाच्या ताटातल्या?"

मी चष्मा पुसला. पुष्कळ वेळ पुसला.

मग सांगितलं तिला, की यांचे दोन गट पाडले
मांसाला काय म्हणतात ते विचारून.
काही म्हणाल्या ना,
काही म्हणाल्या का,
तीच मग घराण्यांची नावं झाली.
ती पायरीवर बसूनच हसली.
"एक घर नको म्हनतंय,
दुसरं का म्हनून विचारतंय.
आमच्याकडं सासू-सुनेचं निराळं काय हाय?"

तेहतीस वर्षांत हे माझ्या कानावर पडलं नव्हतं.
तिकडे गेल्यावर मराठी मी
ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती, लोकरी कपड्यांसारखी.

तशी आमचीही वाटणी करता येईल म्हणा:
म्हावरं म्हणणारे, मासळी म्हणणारे,
आणि खाली वेंगुर्ल्याकडे नुस्तं म्हणणारे.
रेघ कुठे मारायची?
जयगडच्या खाडीत? विजयदुर्गात?
होडीतल्या माणसाला ती रेघ लागते का पायाला?

हे कार्ड बघ: पानो.
तिकडच्या किनाऱ्यावरून डोंगरात चढलेला शब्द.
म्हणजे पाव.
"आपलाच की!" द्रौपदी म्हणाली.
आपला नाही, त्यांचाही नाही,
एकाच पोर्तुगीज गलबतानं दोन्हीकडे उतरवलेला.
सारखा दिसतो म्हणून सोयरा धरायचा नसतो.
हे मी वर्गात पोरांना सांगत असे, खडू आपटून.

आणि आता नवे लोक लिहितात
की ना आणि का या बहिणी नसतीलही.
एकाच डोंगराला पाठ टेकून
शेजार इतका जुना झाला असेल
की चेहरेच सारखे झाले.
संपादकाला सोमवारपर्यंत आकृती हवी आहे.
एक बुंधा, दोन फांद्या,
की दोन झाडं?

एक कार्ड मी तिला दाखवलं नाही आधी.
कोमलाचं. मंगळवारी जन्मला म्हणून कोमला.
"म्हंजे आमचा मंगळ्याच."
हो. मंगळ्याच.
ओट्यावर बसून कोकोच्या शेंगा फोडायचा
आणि एकेक शब्द मला तीनदा म्हणून द्यायचा,
तिसऱ्यांदा जरा ओरडून, मी बहिरी असल्यासारखा.
त्याच्या गावात त्या भाषेचे म्हातारेच उरले होते तेव्हा.

कार्डावर त्याचा ना आहे.
अक्षर वाचता येतं.
वरची सुराची खूण मात्र दमटीनं खाल्ली.
वर चढणारी होती की खाली उतरणारी,
शाईचा एक निळसर डाग आहे, बस.
आणि सुरानं तिकडे अर्थ बदलतो.

मी दोन्ही म्हणून पाहिले, पडवीत, मोठ्यानं.
एक ना दार लावून घेणारा.
एक ना, जसा आपण लावतो शब्दाच्या शेपटीला,
ये ना, बस ना, जेवून जा ना.
कोमलाचा कुठला, ते आठवेना.

समुद्रावर लिलावाची बोली सुरू झाली होती.
द्रौपदीनं पाटी डोक्यावर घेतली,
चुंबळ नीट केली, वळून म्हणाली,
"बांगडे ठेवलेत चार. पैशे उद्या.
नि त्या मंगळ्याचं कार्ड उन्हात नको,
सावलीत ठेव ना."